विझलेल्या दीर्घिका वाढतात कशा?



नारायणगावाजवळ, खोडद परिसरात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आपल्या परिषदेच्या विषयाशी त्यांचे थेट नाते आहे. महाकाय दीर्घिकांमध्ये ताऱ्यांचा जन्म का थांबतो, म्हणजे त्या का विझतात, आणि विझल्यावरही त्या आकाराने का वाढतात, हे दोन प्रश्न बहुधा एका दमात विचारले जातात. त्यांची उत्तरे वेगळी आहेत, असे माझे ठाम मत आहे: विझण्याचे कारण दीर्घिकेच्या केंद्रात सापडते, वाढण्याचे तिच्या बाहेर.

आधी विझण्याचे पाहू. ययाती तारकासमूहातील दीर्घिकागुच्छात कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला आहे. क्ष-किरणांवाटे तो सतत ऊर्जा गमावतो. तो बिनअडथळा थंड होत गेला असता, तर मधल्या एनजीसी १२७५ या दीर्घिकेत वर्षाला शेकडो सूर्यांइतका वायू कोसळला असता. प्रत्यक्षात तेवढे तारे तिथे जन्मत नाहीत. चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने याच वायूत दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या झोतांनी कोरलेल्या पोकळ्या आणि बाहेर पसरणाऱ्या लहरी टिपल्या; हे झोतच वायूला पुन्हा तापवतात. असे झोत विझल्यावर मागे उरलेले वृद्ध इलेक्ट्रॉन कमी रेडिओ वारंवारतेलाच नीट दिसतात, आणि तिथे जीएमआरटीची खरी ताकद आहे. भुजंगधारी दीर्घिकागुच्छातील अशाच एका कृष्णविवराच्या प्रचंड उद्रेकाची खूण २०२० मध्ये ओळखली गेली, त्यात जीएमआरटीच्या नोंदींचाही वाटा होता. एनजीसी १२७५ मध्ये आजही काही तारे जन्मतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण झोतांनी शेवटचा थेंबही तापवावा, अशी अपेक्षाच नाही. शेकडोंचा ओघ आवरला जातो, एवढे पुरेसे आहे.

आता आकार. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी विझलेल्या कित्येक महाकाय दीर्घिकांची त्रिज्या जेमतेम ३ हजार प्रकाशवर्षे होती. तेवढ्याच वस्तुमानाच्या आजच्या दीर्घिका चार-पाच पट मोठ्या आहेत. तुल्यबळ दीर्घिका एकमेकींत मिसळल्या तर वस्तुमान दुप्पट होताना त्रिज्याही साधारण दुप्पट होते. लहानसहान दीर्घिका गिळत गेल्यास तेवढ्याच वस्तुमानात ती चौपटीपर्यंत जाते, कारण नवे तारे बाहेरच्या भागात विखुरतात. आतल्या भागाचे वस्तुमान जवळपास तेच राहते, असे निरीक्षणेही सांगतात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: जुन्या दीर्घिका वाढल्याच नाहीत, नंतर विझलेल्या मुळातच मोठ्या होत्या, म्हणून सरासरी वाढली. या आक्षेपात तथ्य आहे आणि वाढीचा काही भाग त्याने नक्की उलगडतो. पण मग जुन्या आटोपशीर दीर्घिका आज मुबलक दिसायला हव्या होत्या. त्या दुर्मीळ आहेत. ययाती गुच्छातलीच एनजीसी १२७७ ही अशी एक. तिच्यात निळ्या, धातू कमी असलेल्या गोलाकार तारकागुच्छांचा जवळजवळ अभाव असल्याचे २०१८ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसले. हे तारकागुच्छ प्रामुख्याने गिळलेल्या लहान दीर्घिकांबरोबर येतात. जिने काही गिळले नाही ती वाढलीही नाही. यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

एक अडचण मात्र उरते. गेल्या सुमारे ८ अब्ज वर्षांतली वाढ अशा विलयांनी बरीचशी समजते. त्याआधीच्या वेगवान वाढीला मोजलेले विलय अपुरे पडतात. पहिल्या सत्राची चर्चा याच तुटीपासून सुरू व्हावी, अशी माझी व्याख्यात्यांना विनंती आहे.