आधी बाहुली, मग रंगमंच

प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. या ग्रंथात दोरीच्या चालनेने हालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त येतो. अशा बाहुलीला त्या काळच्या मराठीत ‘साइखडे’ असा शब्द होता. श्रोत्यांच्या नित्य परिचयाची वस्तूच दृष्टान्तासाठी उपयोगी पडते, हे लक्षात घेतले म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या समाजाला कळसूत्री बाहुलीचा खेळ अनोळखी नव्हता, हे उघड होते. पुढे तो शब्द व्यवहारातून गेला. नेवासे ज्या जिल्ह्यात आहे, त्या अहमदनगर जिल्ह्याचे 2024 मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झाले. या जिल्ह्यातील शाळांत आणि घरांत लाकडी बाहुल्यांचा रंगमंच पुन्हा उभा राहू शकेल काय, आणि तो कोणी व कसा उभारावा, हा या भाषणाचा विषय आहे.

सुताराची पेटी

या प्रश्नाशी आणखी एक प्रश्न निगडित आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात सुताराचे स्थान अग्रभागी आहे. नांगर, पाभर, कुळव, बैलगाडी ही सारी त्याच्या हातची कामे. पुढे लोखंडी औजारे आली, ट्रॅक्टर आला, आणि सुताराचे शेतीचे काम आटले. अनेक घरांत वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट आणि गुण्या पेटीत पडून राहिले. हात जाणता असूनही त्याला काम नाही, अशी ही स्थिती आहे. एक पिढी अशी रिकामी गेली की पुढच्या पिढीकडे हत्यारे राहतात, परंतु ती चालविण्याचे ज्ञान राहत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे प्रत्यक्ष काम शिकावे, अशी तरतूद सुचविली आहे. एका बाजूस काम नसलेला जाणता हात आणि दुसऱ्या बाजूस काम शिकू पाहणारे कोवळे हात, यांना जोडणारे एखादे छोटे, पूर्ण होण्याजोगे आणि आनंददायी काम हवे. बाहुल्यांचा रंगमंच हे तसे काम आहे.

पिंगुळीचा धडा

महाराष्ट्रात ही कला घरच्या घरी कशी टिकली, याचे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी येथे पाहावयास मिळते. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय त्यांना लाभला होता. आश्रय संपल्यावर कला क्षीण झाली, तरी नाहीशी झाली नाही. श्री. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या घरच्या गोठ्याचेच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात रूपांतर केले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

पिंगुळीचा धडा असा की, जेथे बाहुली करणारा आणि बाहुली नाचविणारा एकाच घरात असतो, तेथे तुटलेला हात त्याच दिवशी जोडला जातो आणि खेळ थांबत नाही. विकत आणलेली बाहुली मोडली की ती कपाटात जाते. घरात घडलेली बाहुली मोडली तर दुरुस्तीसाठी पुन्हा हातात येते.

मराठी रंगभूमीच्या आरंभीही हे हस्तकौशल्य दिसते. 1843 मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही तयार केल्या होत्या. त्या जीर्ण बाहुल्यांची डागडुजी करून त्यांना पुन्हा रंगमंचावर आणण्याचे काम श्री. रामदास पाध्ये आणि त्यांच्या कुटुंबीयांनी केले. परदेशाकडे पाहता चेक लोकांच्या घरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छोटे कौटुंबिक बाहुलीमंच मोठ्या संख्येने होते. 1929 मध्ये बाहुलीकारांची जागतिक संघटना प्राग येथेच स्थापन झाली, आणि 2016 मध्ये चेकिया व स्लोव्हाकिया येथील बाहुलीकलेची युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

मापाचे मूळ

घरी मंच करू पाहणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे आरंभीच दर्शनी चौकट बांधणे. कमान, नक्षी, मखमली पडदा हे सारे सजते, आणि शेवटी बाहुली आत उभी केली की तिचे पाय दिसत नाहीत किंवा खेळविणाऱ्याचे हात दिसतात. म्हणून नियम असा: आधी बाहुली, मग तिची दोरी, मग खेळविणाऱ्याचे कोपर, आणि सर्वांत शेवटी चौकट.

आरंभासाठी 40 सेंटिमीटर उंचीची बाहुली सोयीची पडते. तिचे डोके पांगारा किंवा सावर अशा हलक्या, कोरण्यास मऊ लाकडाचे करावे. वाऱ्याने पडलेली फांदी सावलीत नीट वाळवून घेतली म्हणजे पुढे तडा जाण्याचे भय कमी होते. हात आणि पाय मात्र जड हवेत. त्यासाठी बाभळीचे तुकडे उत्तम. ज्या बाभळीने या जिल्ह्याला नांगर आणि गाड्या पुरविल्या, तीच येथे उपयोगी पडते. दोरी ढिली सोडताच हात आपल्या वजनाने खाली आला पाहिजे. हलक्या लाकडाचा हात हवेत लोंबकळत राहतो आणि बाहुली निर्जीव दिसते. सांधे कापडी पट्टीचे ठेवावे. दोऱ्या पाच पुरतात: दोन कानांमागे, दोन हातांना आणि एक पाठीला. पाठीची दोरी किंचित ओढली की बाहुली नमस्कार करते.

आता चौकट. बाहुली जेथे उभी राहते ती फळी जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंच असावी. सतरंजीवर बसलेल्या मुलाचा डोळा साधारण 65 सेंटिमीटरवर येतो, त्यामुळे त्याला बाहुलीची पावले दिसतात. चौकटीचे तोंड 120 सेंटिमीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर उंच ठेवावे. फळीची खोली 60 सेंटिमीटर पुरे, कारण त्यापलीकडे वाकलेल्या माणसाचा हात पोहोचत नाही. फळीच्या मागच्या कडेला काळा किंवा गर्द निळा पडदा लावावा, आणि तो तोंडाच्या वरच्या कडेपेक्षा 15 सेंटिमीटर उंच असावा.

या 15 सेंटिमीटरांत मंचाचे रहस्य आहे. खाली बसलेला प्रेक्षक वर पाहत असतो. त्याची नजर तोंडाच्या वरच्या कडेखालून तिरपी वर चढते आणि मागील पडद्याला भिडते. पडदा तेवढा उंच नसेल तर पडद्यामागून पुढे झुकलेला मनुष्य दिसू लागतो आणि सारी मोहिनी संपते. याच कारणाने पहिली रांग मंचापासून अडीच मीटर दूर बसवावी. त्याहून जवळ बसलेल्या मुलाला बाहुलीपेक्षा तिला नाचविणारी बोटेच अधिक दिसतात. तोंडाच्या वर समोरून दोन मीटर उंचीपर्यंत कापडी झालर सोडली की खेळविणारे पूर्ण झाकले जातात.

पडद्यामागे खेळविणारा बाकावर उभा राहतो. प्रौढ माणसासाठी 30 सेंटिमीटर, तर बारा वर्षांच्या मुलासाठी सुमारे 45 सेंटिमीटर उंचीचा बाक असला म्हणजे कोपर पडद्याच्या वरच्या पट्टीवर विसावते. विसावलेल्या कोपराने अर्धा तास खेळ करता येतो. अधांतरी हाताने पाच मिनिटांत खांदे भरून येतात आणि बाहुली कापू लागते. ही पट्टी जाड व गुळगुळीत असावी, आणि तिचा भार स्वतंत्र खांबांवर असावा. बाक मात्र मंचाला कधीही जोडू नये. जोडल्यास पाय हलला की राजवाडाही हलतो.

सांगाडा 4 सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्यांचा करावा. माल भरून येणाऱ्या खोक्यांच्या फळ्या रंधून घेतल्या तरी चालतात. कोपऱ्यांवर केवळ खिळे न मारता एका पट्टीस खाच व दुसरीस कूस पाडून सांधा बसवावा. येथेच गावच्या सुताराची खरी गरज लागते, आणि येथेच विद्यार्थी गुण्याचे महत्त्व शिकतात. दर्शनी चौकट आणि दोन्ही बाजूंचे 60 सेंटिमीटरचे पंख बिजागऱ्यांनी जोडले की मंच पुस्तकासारखा मिटतो. वरचा भाग खुंट्यांवर बसविल्यास तो निराळा काढता येतो. राजस्थानातील कठपुतळीवाले दोन खाटा उभ्या करून त्यांवर पडदा ताणीत आणि मंच सिद्ध करीत. सुटसुटीतपणाची ती परंपरा विसरू नये.

प्रकाशासाठी दोन दिवे पुरतात. ते समोरून, परंतु दोन्ही कडांना व बाहुलीपेक्षा उंचावर ठेवावे, म्हणजे दोऱ्यांच्या सावल्या पडद्याच्या मध्यावर न पडता बाजूला जातात. दोऱ्या काळ्या असाव्यात.

मंच कोणासाठी

मिटणारा मंच हवा, याला या जिल्ह्यात विशेष कारण आहे. पाथर्डी, शेवगाव यांसारख्या तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामात घर सोडतात. त्यांची मुले आईबापांबरोबर कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर जातात, आणि शाळेत रुळलेले मूल काही महिने शाळेपासून तुटते. अशा मुलासाठी साखरशाळेच्या दारी उभा राहणारा, जीपगाडीत मावणारा बाहुलीमंच हा केवळ करमणुकीचा प्रकार नव्हे. अनोळखी शिक्षकाशी न बोलणारे मूल बाहुलीशी मात्र बोलते, आणि एकदा बोलू लागले की वाचूही लागते. 1979 मध्ये दिल्ली येथे स्थापन झालेल्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राने शिक्षकांच्या प्रशिक्षणात बाहुलीकलेला स्थान दिले आहे.

खेळाचे विषय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. हिवरे बाजार येथे ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि उपलब्ध पाण्यानुसार पिके ठरविली जातात. पाऊस, विहीर, ऊस आणि ज्वारी यांना बाहुल्या करून हाच ताळेबंद मंचावर मांडला तर तो चौथीच्या मुलालाही उमजेल. जामखेड तालुक्यातील चोंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटांची आणि विहिरींची कथाही अशीच सांगता येईल. मात्र बाहुलीला उपदेशाचे ओझे फार झेपत नाही. तिने आधी हसवावे, रुसावे, चुकावे. बोध प्रेक्षकाने आपल्या हाताने उचलावा.

एक मंच, चार बाहुल्या आणि दहा दिवस एवढ्याने लोप पावलेली परंपरा परत येईल, असे कोणी समजू नये. परंतु त्या दहा दिवसांत सुताराच्या पेटीतील पटाशीला पुन्हा धार लागेल, एखादी मुलगी बाभळीच्या तुकड्यातून हात कोरील, आणि तो हात दोरी ढिली होताच आपसूक खाली येईल तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल, ते तिच्या गुरूलाही दिसेल. खेळ मोडला तर तो जोडणारा हात गावातच असेल. साइखडे हा शब्द कोशात राहिला तरी हरकत नाही. ती वस्तू मात्र प्रवरेच्या काठी पुन्हा मुलांच्या हाती यावी.