शेजारच्या घराची विचारपूस
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यापीठांतील सामाजिक संशोधनाविषयी मी बोलावे, अशी चिटणीसांची सूचना होती. विषय रुक्ष वाटेल. तथापि असे एक संशोधन आपल्याच वर्धा जिल्ह्याच्या शिवारात झालेले आहे.

मुंबईतील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तेथील श्रीजित मिश्र यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयीचा अहवाल जानेवारी २००६ मध्ये महाराष्ट्र शासनास सादर केला. राज्यातील पुरुष शेतकऱ्यांमध्ये दर लाखामागे १९९५ साली १७ असलेले हे प्रमाण २००४ साली ५३ वर गेले होते. आकडा भयंकर खरा. परंतु मला मोल वाटते ते त्यांच्या पद्धतीचे. वर्धा, वाशीम व यवतमाळ जिल्ह्यांत दुःख कोसळलेल्या घरांची त्यांनी विचारपूस केली, तशीच ज्या घरी असे घडले नाही तेथेही केली. पाऊस तोच, कापसाचा भाव तोच; मग अंतर पडले कशात?

पहिले उत्तर कर्ज. ते आपणही सांगितले असते. दुसरे मात्र विचार करावयास लावणारे आहे: मृतांच्या घरी बैल कमी होते. बैल म्हणजे केवळ नांगरापुरते जनावर नव्हे. अडीअडचणीला मोडता येणारे ते धन. शिवाय खाणारी तोंडे अधिक आणि पिकाचे उत्पन्न कमी. कारणे एकेकटी येत नाहीत, हेही अहवालात दिसते. कर्जाच्या जोडीला कोठे व्यसन, कोठे बहिणीच्या वा मुलीच्या लग्नाची विवंचना.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी वर्ध्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीतील व्याजमाफी बँकांच्या कर्जापुरती होती. सावकाराच्या वहीला तिचा स्पर्श झाला नाही. असो. लग्नाचा खर्च मात्र मंत्रालयात ठरत नाही, तो आपल्या बैठकीत ठरतो. आणि तेथे मुलीच्या बापाचे कर्ज कोणी विचारीत नाही.

अब्रूच्या भयाने माणूस कर्ज जातभाईपासूनच आधी लपवितो. म्हणून कर्जदारांची यादी मुळीच करू नये. तालुका प्रतिनिधींनी पेरणीपूर्वी कोरडवाहू कुटुंबांकडे निमूटपणे जाऊन यावे, आणि संमेलनातील भोजन व मंडपाचा खर्च निम्मा करून उरलेल्या रकमेतून बैलजोडीसाठी बिनव्याजी उसनवारी द्यावी, असा ठराव मी आज मांडीत आहे. कोणी अनुमोदन द्यावे.