एकवीस दिवस आणि हाकेला येणारा कोंबडा

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आले. घरी मशीनवर पिल्लं काढायची, वाढवायची आणि घरीच खायची, जमेल का? जमतं. पण माझं काय चुकलं ते आधी ऐका.

पहिली गंमत अंड्यांची. माझा एक मित्र किराणा दुकानातली पांढरी अंडी घेऊन आला होता! अरे बाबा, लेअर फार्मवर कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून? ज्या घरी कोंबड्यांसोबत कोंबडा फिरतो, तिथली गावरान अंडी घ्या. आठवड्याच्या आतली आणि न धुतलेली. मी 24 घेतली. तापमान 37.5 अंश, आत भांड्यात पाणी, आणि दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवायची. सातव्या रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून बघा. लाल शिरांचं जाळं आणि त्यात हलणारा काळा ठिपका! खरं सांगतो, अंगावर काटा आला. पाच अंडी नुसतीच पिवळी दिसली, ती काढली.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा. आणि नेमकी एकोणिसाव्या रात्री लाईट गेली. सहा तास! झाकण उघडलं नाही. बाजूने कोमट पाण्याच्या बाटल्या लावल्या, हवेची भोकं मोकळी ठेवून वर गोधडी टाकली. या टप्प्याला पिल्लाची स्वतःची थोडी ऊब असते, म्हणून निभावलं.

बारा पिल्लं बाहेर आली, सहा आतच गेली. राहिलं एक. भोक पाडून तिथेच थांबलेलं. आठ तास झाले. आजी म्हणाली, "हात लावू नगंस, त्याचं त्याला येऊ दे." खुडूक कोंबड्या बसवण्यात तिची हयात गेली, आणि मी यूट्यूब बघून तिला शिकवत होतो. नखाने कवच सोललं. रक्त आलं. संध्याकाळपर्यंत गेलं ते. नंतर कळलं, भोक पाडल्यावर बाहेर यायला 24 तासही लागतात. तेवढ्यात आतल्या रक्तवाहिन्या सुकतात, उरलेला बलक पोटात ओढला जातो. तीच त्याची शिदोरी, म्हणून पिल्लू पहिले दोन दिवस खाण्याशिवाय राहू शकतं.

आता खाण्याचं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो होतो. गावरान कोंबड्याला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. सगळं खाद्य विकतचं घातलं तर परवडणार नाही. उकिरडा, गवत, किडे, घरातलं उरलंसुरलं पाहिजेच.

बारातले सात कोंबडे निघाले. मोठे झाल्यावर नुसत्या मारामाऱ्या, तलंगांच्या पाठीवरची पिसं गेलेली. कापावेच लागणार होते. त्यातला एक माझ्या हाकेला धावत यायचा. कापायच्या आदल्या रात्री खायला द्यायचं नसतं, त्यामुळे सकाळी हातात दाणे नव्हते. हाक मारली, तरी आला.

रस्सा आजीने केला. मी जेवलो. धाकट्या बहिणीने वरणभात खाल्ला, तिला कुणी काही बोललं नाही. तुमच्या घरात लहान मुलं असतील तर कोंबड्यांची नावं ठरवायच्या आधीच त्यांच्याशी बोलून घ्या.

आणि हो, मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यात. ती कशी द्यायची ते पुढच्या भागात.