थर्मामीटरवर ३९ म्हणजे किती ताप?

ताईंनो, शेजारच्या पोराला मागं ताप आला. आजीनं नवा बॅटरीचा थर्मामीटर काखेत लावला, आकडा आला ३९. आजी म्हणाली, "शंभरपण नाही, कसला ताप!" पोरगं तर तव्यासारखं तापलेलं. ते ३९ होतं सेल्सिअस. आपल्या सवयीच्या फॅरेनहाइटमध्ये १०२ च्या वर!

म्हणून आधी बघा, आकड्याशेजारी इंग्रजी 'सी' आहे का 'एफ'. निरोगी अंग म्हणजे ३७ सेल्सिअस, ९८.६ फॅरेनहाइट. ३८ म्हणजे १००.४, इथून ताप धरायचा. ४० म्हणजे १०४. मग घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

बातम्यांत हवेचा आकडा मात्र सेल्सिअसचाच असतो. १५ ला पहाटे शेकोटी लागते. मे महिन्यात आपलं सोलापूर ४२ च्या पुढं जातं, म्हणजे जवळपास १०८ फॅरेनहाइट. हवाच अंगापेक्षा गरम! पंखा गरम वाराच फेकतो. अंग निवतं ते फक्त घाम वाळून, आणि घामाला पोटात पाणी लागतं. त्यात हा आकडा सावलीतला. रोजगार हमीच्या कामावर उन्हात याहून जास्त भाजतं.

तिथं कुणी बरळायला लागली, चक्कर येऊन पडली, तर थर्मामीटर शोधत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावा. (हा १०८ गाडीचा बरं का, तापाचा नव्हे!) शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पोरगं आता बरं आहे. आजीनं थर्मामीटरच्या डबीवर पेनानं मोठ्ठं '३८' लिहून घेतलंय.