कावेरीकाठची बाळं, गडचिरोलीची बाळं

तंजावर म्हटलं की आपल्याला सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराचं देऊळ आठवतं. आज मी तिथल्या छत्रांपासून, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांपासून, सुरुवात करतो, कारण विषय बालमृत्यूचा आहे.

रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी छत्रं बांधली होती. 1801 साली सरफोजीराजांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून तिथली व्यवस्था कळवली. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या परैयापर्यंत सगळ्यांना तिथे अन्न मिळे. वाटेत कुणी बाई अडली तर सुईण बोलावत, बाळंतपणानंतर तीन महिने तिला ठेवून घेत, तान्ह्या मुलांना दूध देत. बाळ जगायचं तर आईला पोटभर खाणं, विसावा आणि हाताशी जाणती बाई हवी, हे त्या दरबाराला पक्कं ठाऊक होतं.

पण हा आसरा वाटसरूंना. शेजारच्या शेतात चिखलणी-लावणी करणाऱ्या मजूर बाईला तीन महिने कोण बसू देणार? कावेरीनं सुपीक केलेली जमीन मिरासदारांची आणि राबणारे हात बहुतेक दलितांचे. 1968 साली जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीच्या वादातून 44 दलितांना जाळून मारलं. त्यांत बायका-मुलंच जास्त होती. मुलूख भाताचं कोठार असला म्हणून मजुराच्या घरात भात शिजतोच असं नाही.

आता आकडे. 1971 साली तमिळनाडूत हजार जन्मांमागे 113 बाळं वर्षाच्या आत दगावत, महाराष्ट्रात 105. म्हणजे आपण पुढे होतो. 2020 साली तमिळनाडू 13 वर आलं, आपण 16 वर. त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र खातं टिकवलं, गावोगाव परिचारिका नेमल्या, आरोग्यकेंद्रं रात्रीही उघडी ठेवली. 1987 साली डॉक्टर मुत्तुलक्ष्मी रेड्डींच्या नावानं गरीब बाळंतिणींसाठी मदत सुरू झाली, तेव्हा 300 रुपये. 2018 पर्यंत ती 18,000 झाली, काही भाग पोषक आहाराच्या रूपात. बुडालेल्या मजुरीची भरपाई, असंच मी तिच्याकडे पाहतो.

राज्याच्या सरासरीनं मात्र माझं समाधान होत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातली हजारातली 72 मुलं पाच वर्षांच्या आत गेली, सर्वांत सधन हिश्शातली 23. एकाच देशातली मुलं! आपल्या 16 च्या आकड्यात मुंबई-पुणेही येतात आणि आदिवासी मेळघाटही. त्या आकड्यावरून मेळघाटातल्या आईचं काय चाललंय हे कळत नाही.

अशा दूरच्या गावांतली बाळंही वाचवता येतात, हे गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांत दाखवून दिलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही देत. 1993-95 मध्ये तिथे हजारी 62 नवजात बाळं महिन्याच्या आत दगावत होती, 2001-03 मध्ये 25. यासाठी मोठं इस्पितळ बांधावं लागलं नाही. त्या बायका घरोघर जात राहिल्या.