फंडाच्या फॉर्मवर नाव कुणाचं?

(एकट्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रावर एक तरुण बाई आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. नवरा कारखान्यात कामाला होता, नोकरीत असतानाच वारला. तेराव्याच्या दिवशीच दिरानं हक्कसोडपत्र पुढे केलं. "वहिनी, फंडाला आईचं नाव आहे. तुमचा काही हक्क नाही. सही करा." नॉमिनेशन लग्नाआधीचं होतं, खरंच सासूच्या नावाचं. सही न करता ती आधी विचारायला आली, हे तिचं शहाणपण.

तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली विम्याच्या पैशाबाबत हे स्पष्ट केलं. पुढे २००९ साली असंच प्रकरण आलं. बँकेतल्या कर्मचाऱ्यानं लग्नाआधी आईचं नाव लावलेलं. नॉमिनीला पैसे दिले की कार्यालय मोकळं होतं, पण पैसा वारसांचाच राहतो, असं म्हणत न्यायालयानं विधवेचा वाटा मान्य केला. पण तिचा नवरा गेला होता १९९० साली! म्हणून सांगते, लग्नानंतर नॉमिनेशन नव्यानं भरून घ्या. कोर्टाची वाट फार लांबची आहे.

दुसरी गोष्ट. दीर फक्त फंडाचं बोलला. पेन्शन आणि विम्याचं नावही त्यानं काढलं नाही. १९९५ च्या पेन्शन योजनेत विधवेचं पेन्शन पत्नी म्हणून मिळतं, ते नॉमिनेशनवर अवलंबून नाही. कामगार नोकरीत असताना गेला आणि एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी हक्क लागतो. शिवाय दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत वेगळी रक्कम. २०१४ साली किमान पेन्शन ठरलं महिना १,००० रुपये. त्यात घर चालतं का? आणि बाईनं पुन्हा लग्न केलं की तेही बंद. तिच्या पोटाला तिच्या लग्नाशी बांधणारा हा नियम आपण मुकाट्यानं मान्य करायचा का?

आम्ही सासूला भेटायला गेलो. भांडणाची तयारी ठेवूनच. पण म्हातारीला काहीच माहीत नव्हतं. तिच्याही अंगठ्याचे कागद तयार होते, पैसे जाणार होते थोरल्याच्या खात्यात. हिंदू वारसा कायद्यात आई, विधवा आणि मुलं यांचा वाटा सारखा असतो. इतर धर्मांचे कायदे वेगळे आहेत, ते विचारून घ्या. हे कळल्यावर सासू म्हणाली, "मग आम्ही दोघी मिळूनच जाऊ." त्या दोघी नातीला घेऊन फंडाच्या ऑफिसात गेल्या.

तर बायांनो, आज घरी गेल्यावर विचारा, फॉर्मवर नाव कुणाचं आहे? तुम्ही स्वतः नोकरी करत असाल तर तुमचाही फॉर्म बघा. आणि दुःखाच्या दिवसांत कुणी कोरा कागद पुढे केला तर एवढंच म्हणा, "वाचून सांगते."