शार्क, पैनगंगा आणि आमची भीती

माहूरहून आम्ही बचत गटाच्या सहा जणी बोलतोय.

आजची गोष्ट समुद्राची आहे. तुम्ही म्हणाल, गडाच्या पायथ्याला राहणाऱ्या बायांचं समुद्राशी काय काम? पण नातं जुनं आहे. आपल्या रेणुकामायचा लेक परशुराम. त्याने समुद्र मागे सारून कोकणची जमीन घेतली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माय इथे डोंगरावर, लेकाची भूमी तिथे समुद्राकाठी. मागच्या हिवाळ्यात आम्ही ती भूमी बघायला निघालो. नांदेडहून रात्रीच्या बसने कोल्हापूर, पुढे घाट उतरून मालवण.

मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र आहे. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणं. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक हात धरून थोड्या खोलीवर नेतात. दमा किंवा हृदयाचा आजार असेल, दिवस गेलेले असतील, तर मात्र उतरायचं नाही. ते आधी विचारून घेतात, आणि तिथे खरंच सांगायचं.

आम्हाला दम्याची नव्हे, शार्कची काळजी होती. टीव्हीवर शार्कचा सिनेमा सगळ्यांनीच पाहिलेला. पाच जणींनी पाच वेळा तोच प्रश्न विचारला. शिकवणारा मुलगा शांतपणे म्हणाला, "मावशी, इथे किनाऱ्याला मिळते ती लहान मुशी. बाजारात टोपलीत दिसेल. मोठ्या शार्क बघायला लोक लाखो रुपये खर्चून मालदीवला जातात."

मग त्याने फुवाहमुलाची गोष्ट सांगितली. मालदीवच्या अगदी दक्षिणेला, विषुववृत्ताच्या जरा खाली, हे एकटं बेट आहे. तिथल्या पाण्यात टायगर शार्क येतात. अंगावर वाघासारखे पट्टे, लांबी बारा-पंधरा फूट. अभ्यासकांनी पट्ट्यांवरून आणि खुणांवरून दोनशेहून अधिक शार्क एकेक करून ओळखल्या. त्यांत बहुतेक माद्या निघाल्या. कितीतरी गाभण! पोटात पिल्लं असताना त्या या बेटाजवळ राहतात, आणि काही तर पुढच्या खेपेलाही तिथेच येतात. ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे बाळंतपणाआधी माहेरीच येतात की!"

या माद्यांसोबत माणसं पाण्यात उतरतात ती नियम पाळून. शार्ककडे पाठ करायची नाही, तिच्यावरची नजर काढायची नाही, हात अंगाशी धरायचे, पाणी खळबळवायचं नाही, तिच्या मागे लागायचं नाही. मालदीवने २०१० साली शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली. मारून एकदा पैसे मिळतात, जिवंत ठेवली तर वर्षानुवर्षं बघायला लोक येतात.

असंच काहीसं आपल्या शेजारी गुजरातेतही झालं. तिथे व्हेल शार्क येते. जगातला सगळ्यात मोठा मासा, चाळीस-चाळीस फुटांचा, पण खातो पाण्यातले बारीक जीव. तिच्या यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी तिला मारत. २००१ साली कायद्याने तिला संरक्षण दिलं, पण नुसत्या कायद्याने काय होतं? २००४ पासून मोरारी बापूंनी कोळी बांधवांना सांगितलं, ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. तिचं नाव पडलं व्हाली, म्हणजे लाडकी. जाळ्यात सापडली तर कोळी स्वतःचं जाळं कापून तिला सोडू लागले. आपल्या राज्यातही संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं, तर २०१८ पासून भरपाई मिळते.

आता आमचं पाण्यात उतरणं सांगतो. रबरी घट्ट पोशाख चढवताना हसून हसून पोट दुखलं. एरवी लुगड्याशिवाय न दिसणाऱ्या आमच्या थोरल्या काकू त्या काळ्या पोशाखात आरशासमोर उभ्या राहिल्या, नि म्हणाल्या, "फोटो काढा, पण घरी दाखवू नका." तोंडाने श्वास घ्यायचा, श्वास कधी रोखायचा नाही, कान दडपले की नाक धरून हळूच फुंकायचं. खाली गेलो तेव्हा स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा ऐकू आला. प्रवाळाच्या खडकाभोवती पट्टेरी मासे फिरत होते. आम्हाला बघून एकही पळाला नाही.

पाच जणी खाली गेलो. सहावीने शार्कबद्दल काहीच विचारलं नव्हतं. ती कमरेइतक्या पाण्यात गेली, तोंड पाण्यात घातलं आणि एका मिनिटात होडीत परतली. थरथरत होती. कुणी हसलं नाही.

रात्री ती बोलली. तिची धाकटी बहीण पैनगंगेत गेली. कपडे धुताना पाय घसरला. काठावर पाच बाया होत्या, एकीलाही पोहता येत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही शार्कला भ्यालात. माझ्या बहिणीला काय शार्कने नेलं?"

आम्ही गप्प झालो. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला मरतात ती माणसं साधारण दहाच्या आत-बाहेर. माणूस मात्र वर्षाला दहा कोटींच्या आसपास शार्क मारतो. आणि आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून जातात. विहिरीत, तळ्यात, कॅनॉलमध्ये, घाटावर. जिच्याशी कधी गाठ पडणार नाही तिची धास्ती, आणि रोज धुणं घेऊन ज्या पाण्यापाशी बसतो त्याची ओळख नाही.

आपल्या गावात मुलं विहिरीत शिकतात. पाठीला वाळला भोपळा नाहीतर बंद डबा बांधला की काका-मामा ढकलून देतात. मुलींना म्हणतात, तू काठावर कपडे सांभाळ. आम्हीही तेच ऐकून मोठ्या झालो.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. उन्हाळ्यात लेकीलाही पोहायला शिकवा, जाणकार माणूस सोबत ठेवून. कुणी बुडताना दिसलं तर पोहता येत नसताना उडी टाकू नका. दोर फेका, साडीचं टोक फेका, रिकामी घागर किंवा बंद कॅन फेका, आणि मोठ्याने ओरडून माणसं गोळा करा.

या चैत्रात आमच्याकडे नऊ पोरी विहिरीवर शिकल्या. आमची सहावी मैत्रीण रोज काठावर बसायची. पाण्यात नाही उतरली अजून. पण किती पोरी उतरल्या, किती वर आल्या, ते ती मोठ्याने मोजायची. नऊ म्हटल्याशिवाय घरी जायची नाही.

रामराम.